उघड्या पाठीचा हेडफोन

जालिंदर ओव्हाळ चहाच्या टपरीवर बसायचा तो चुलीकडं तोंड करून. दूध कुठल्या पातेल्यातलं पडतंय, पत्ती नवी आहे का मघाचीच परत उकळलीय, हे सगळं डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो कप उचलत नसे. पेट्रोल भरताना पंपावरच्या पोराला आधी काटा शून्यावर आणायला लावायचा आणि भरून झाल्यावर टाकी हलवून आवाज ऐकायचा. केजच्या कॉलेजात तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता आणि मी ग्रंथालयात. हजेरीच्या मस्टरवर सही करताना तो वरच्या चार जणांच्या सह्याही बघून घ्यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, आमी सूतगिरणीतली माणसं. आमाला बघून घ्यायची सवय हाय."

त्या सूतगिरणीनं त्याला तसं केलं होतं, यात शंका नाही. नांदूरघाटच्या अलीकडं माळावर ती सहकारी गिरणी उभी राहिली तेव्हा आजूबाजूच्या गावांतली पोरं, बाया रांगा लावून कामाला लागल्या. जालिंदर सूत कातायच्या रिंगफ्रेमवर होता. सूत गुंडाळणाऱ्या हजारो चात्या एका वेळी फिरायच्या, आणि शेजारच्या माणसाला हाक मारायची तर खांद्यावर हात मारावा लागायचा. त्यातही कंटाळा येऊ नये म्हणून तो कानात वॉकमनची बोंडं घालायचा आणि यंत्रांच्या वर आवाज चढवून गाणी ऐकायचा. दहाबारा वर्षं गिरणी चालली. मग कापूस नाही म्हणून बंद, मग वीज नाही म्हणून बंद, मग नुसतीच बंद. चेअरमन दर पोळ्याला म्हणायचा की दिवाळीला भोंगा वाजणार. भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तो भरला गेलेलाच नव्हता, हे नंतर कळलं. जालिंदर त्यातून कॉलेजात चिकटला हे त्याचं नशीब. पण तेव्हापासून कुणाचं बोलणं सरळ म्हणून घ्यायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं.

एका गोष्टीपुरता मात्र त्याचा हात सैल होता. त्याला हेडफोनचा नाद होता. वॉकमन गेला, पण ऐकायची चटक राहिली. त्याच्याकडं एक गिरणीच्या काळातला जुना हेडफोन होता, त्याच्या कानावरच्या स्पंजाचा भुगा झालेला. दुसरा मुंबईहून आणवलेला, कान घट्ट बंद करणारा. दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तो दोन्ही टेबलावर मांडायचा आणि एकच गाणं एकदा ह्याच्यावर, एकदा त्याच्यावर असं ऐकत बसायचा. ढोलकीची थाप कुठं भरीव वाटते, कुठं नुसती फुगते. पेटीच्या भात्याची धाप कुठं ऐकू येते. गाणारा ओळ उचलायच्या आधी श्वास घेतो, तो कुठं कळतो. हे सगळं तो मला सांगायचा आणि मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही, पण त्याचा चेहरा बघायला आवडायचं. एरवी तो चेहरा कायम कुणाचा तरी डाव ओळखायच्या बेतात असायचा.

या सगळ्या ऐकण्यात त्याचं एक ठरलेलं गाणं होतं. गाणं म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या जलशाची एक कॅसेट. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. जालिंदरचे वडील शहादेव त्या जलशात होते. त्यांना गळा नव्हता, ढोलकीही येत नव्हती. ते मागं उभं राहून घुंगुरकाठी वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा बोललेला आवाज कुठंच भरून ठेवलेला नव्हता. त्या कॅसेटवरची घुंगरं तेवढी होती. जालिंदरनं ती कॅसेट पुण्याच्या एका माणसाकडून मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. त्या माणसानं मूळ कॅसेट बदलून दिली की काय, हीसुद्धा शंका त्याला काही दिवस होतीच.

दोन हजार अठराचा पाऊस मृगातच दगा देऊन गेला. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या आणि एकोणीस उजाडता उजाडता गावोगाव टँकर आणि छावण्या सुरू झाल्या. त्याच सुमारास जालिंदरनं तिसरा हेडफोन घ्यायचं मनावर घेतलं. जर्मन बनावटीचा, उघड्या पाठीचा. म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून जाळी असते, आवाज आत कोंडत नाही, समोर माणसं बसून वाजवताहेत असं वाटतं, असं त्यानं इंटरनेटवर शंभर वेळा ऐकलं होतं. तेव्हा बाजारात चांगली म्हैस जितक्याला जात होती तितकी त्याची किंमत. घरपोच मागवायला त्याचं मन धजेना. खोक्यात वीट निघाली तर कुणाला धरायचं? म्हणून त्यानं बिभीषणला सांगितलं.

बिभीषण गलांडे हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. मराठ्याचा, घरी बऱ्यापैकी जमीन, आणि गावच्या सेवा सोसायटीचा गटसचिव. दोघं एका बाकावर बसलेले, एकमेकांना 'बे' म्हणणारे. जालिंदरच्या वडिलांच्या जलशाला बिभीषण घरच्यांचा डोळा चुकवून यायचा. मुलीच्या क्लासच्या प्रवेशासाठी तो पुण्याला चालला होता. जालिंदरनं त्याला दुकानाचं नाव, हेडफोनचा नंबर, खोक्याचा फोटो, सगळं दिलं आणि खोकं दुकानात उघडून बघायला सांगितलं. बिभीषणनं तसंच केलं. पावतीसकट हेडफोन आणून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जालिंदर मागच्या खोलीत बसला तो दोन तास उठला नाही. मी डोकावलो तर तीन हेडफोन समोर, आणि तो भिंतीकडं बघत बसलेला. म्हणाला, ढोलकी चांगली आहे, पेटी चांगली आहे, पण घुंगरू नाही. जुन्या भुगा झालेल्या हेडफोनवर घुंगरू स्पष्ट आहे आणि एवढ्या महागाच्या या नव्यावर नाही, हे कसं? मी म्हणालो, नवा आहे, थोडा वाजू दे. त्यानं तो माझ्या कानावर चढवला, मिनिटभरानं काढून घेतला आणि काय ऐकलंत म्हणून विचारलं. कशाकडं कान द्यायचा ते त्यानं मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, ढोलकी छान आहे. त्यानं मान हलवली. त्याला पाहिजे तो पुरावा मिळाला होता.

तिथून त्याच्या डोक्यात किडा शिरला. हेडफोन नकली आहे. खोकं खरं, माल खोटा. पण दुकानात उघडून बघितलं होतं, मग बदलला कुठं? पुण्यापासून नांदूरघाटपर्यंत तो एकाच माणसाच्या हातात होता. हे तो लगेच बोलला नाही. आधी त्यानं जाळीवरचा रंग भिंगातून तपासला, वायरीवरची अक्षरं फोटोशी ताडून बघितली, वजनकाट्यावर तोलून बघितलं. सगळं जुळत होतं, आणि ते जुळत होतं म्हणूनच त्याचा संशय वाढला. इतकं हुबेहूब करणारा माणूस साधा नसणार, असं तो म्हणाला. एका रविवारी तो औरंगाबादला जाऊन आला. तिथल्या मोठ्या दुकानात तोच हेडफोन ऐकायला ठेवलेला होता. दोन्ही आलटून पालटून ऐकले, तर दोन्ही सारखेच, दोन्हींत घुंगरू नाही. दुसरा कुणी तिथं थांबला असता. जालिंदरनं निष्कर्ष काढला की तिथंही नकलीच ठेवलाय.

इकडं गावात वेगळंच सुरू होतं. बिभीषणच्या सोसायटीनं फाट्यावर जनावरांची छावणी घेतली होती. उसाचं वाढं, पेंड, टँकरचं पाणी. जनावरांच्या कानाला बिल्ले होते आणि ते रोज मोबाईलवर टिपून वर पाठवावे लागत, त्या आकड्यावर अनुदान मिळे. जिल्ह्यात ज्या त्या छावणीबद्दल लोक बोलायचे की जनावरं कमी आणि बिल्ले जास्त. बिभीषणच्या छावणीबद्दलही बोलत होतेच, हळू आवाजात. ते बोलणं जालिंदरच्या कानावर गेलं आणि त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकीला चिकटल्या.

ती वेळ मला अजून आठवते, कारण मी तिथं होतो. नांदूरघाटच्या बाजाराचा दिवस, टपरीवर दहापंधरा माणसं. बिभीषण छावणीवरून आलेला, अंगावर पेंडीची धूळ. त्यानं हसून विचारलं की हेडफोन कसा वाजतोय. जालिंदर उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जो माणूस नसलेल्या म्हशीच्या कानाला बिल्ला लावतो, तो माझ्या कानाला खरा माल कशापायी आणून देईल?"

बिभीषणनं हातातला कप खाली ठेवला, चहा तसाच होता, आणि मोटारसायकलला किक मारून गेला. टपरीवाल्यानं तो कप लगेच उचलला नाही.

त्या वाक्याला पाय फुटले. आतापर्यंत कुजबुज होती, आता बिभीषणच्या जिवाभावाच्या दोस्तानंच सांगितलं म्हणून तिला वजन आलं. आठवड्याभरात कुणीतरी तहसीलला अर्ज केला, तपासणीचं पथक आलं. जनावरं उन्हात उभी करून एकेकाचा बिल्ला बघितला. काही निघालं नाही. पण लोकांनी म्हणायला सुरुवात केली की पथकच खिशात घातलं असणार. बिभीषणची बायको पाण्याच्या टँकरवर गेली की बाया गप्प व्हायच्या. जालिंदरला याचं वाईट वाटलं असेल, तर त्यानं ते दाखवलं नाही. नव्या हेडफोनचं खोकं त्यानं कपाटावर टाकून दिलं.

ते खाली काढलं छबुबाईनं. छबुबाई जालिंदरची बायको, अंगणवाडीत सेविका. नवऱ्याच्या संशयाला ती सरावलेली होती, पण टपरीवरचं प्रकरण तिच्या मनाला लागलं होतं. बिभीषणच्या बायकोशी तिचं रोजचं येणंजाणं होतं. मेच्या एका दुपारी ती त्याला म्हणाली की एवढं कोर्टकचेरीसारखं करताय तर मलाही ऐकू द्या, मला कान नाहीत का. जालिंदरला तो पोरखेळ वाटला. पण सुट्टी होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, जायला जागा नव्हती. त्यानं तिच्या केसांच्या तेलाची शंका काढली, तिनं पदर डोक्यावर घेऊन त्यावरून हेडफोन चढवला. त्यानं कॅसेटचं गाणं लावलं.

ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, मामंजी वाजवायलेत.

जालिंदरला आधी राग आला. त्याला वाटलं, ही बिभीषणच्या घरच्यांशी बोलून आलीय, हिला शिकवून धाडलंय. त्यानं विचारलं, कुठं वाजतंय, कधी वाजतंय. ती म्हणाली, ढोलकीच्या मागं, सारखं वाजतंय, मधे एकदा थांबलं आणि परत सुरू झालं. त्यानं हेडफोन हिसकावून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. मग त्यानं जुना लावला. आणि तिथं त्याला घुंगरू ऐकू आलं, नेहमीसारखं, स्वच्छ. बघ, म्हणाला, यात आहे, त्यात नाही.

छबुबाईनं मग जे केलं ते साधंच होतं. तिनं त्याला डोळे मिटायला लावले, स्पर्शानं ओळखू येऊ नये म्हणून कानांवरून पातळ रुमाल बांधला आणि हेडफोन ती आळीपाळीनं त्याच्या कानावर ठेवत गेली. कधी नवा, कधी जुना, कधी मुंबईचा. घुंगरू आलं की हात वर करा म्हणाली. डोळे उघडे असताना जुन्यावर त्याला जे खात्रीनं ऐकू येत होतं, ते डोळे मिटल्यावर कशावरच नीट सापडेना. कधी नवा असतानाच तो हात वर करी, कधी जुना असूनही करीत नसे. एकदा तर तिनं गाणं लावलंच नव्हतं, नुसता हेडफोन ठेवला होता, आणि त्यानं हात वर केला.

त्यानं डोळे उघडले. मग तिला बसवलं, तिचे डोळे मिटवले आणि तिचीही तीच परीक्षा घेतली. मधेच गाणं बंद करून बघितलं. ती एकदाही चुकली नाही. जालिंदरनं हेडफोन मांडीवर ठेवला. मग त्यानं विचारलं, "छबू, आवंदा रातकिडे वरडतेत का गं?"

"वरडतेत की. मोरीपाशी तर लई." ती म्हणाली. "तुमी म्हणला न्हवता का, दुष्काळानं मेले म्हणून? मला वाटलं, चेष्टा करताय."

हे सगळं त्यानं मला पुढं अंबाजोगाईला जाताना सांगितलं. त्याला एकट्याला जायचं नव्हतं आणि घरच्या कुणाला न्यायचं नव्हतं. तिथल्या दवाखान्यात कान तपासणारी मुलगी होती. तिनं त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं आणि एक जुनाट, निळ्या तांबड्या वाट्यांचा हेडफोन दिला. जालिंदरनं तो उलटासुलटा करून बघितला आणि बाहेर येऊन सांगितलं की हा चांगला नाही, माझा लावा. पिशवीतून जर्मन हेडफोन काढला. ती मुलगी गोंधळली. यंत्र याच हेडफोनला जुळवलेलं असतं, दुसरा चालत नाही, हे तिनं नीट समजावून सांगितलं. त्यानं ते तीनदा विचारलं आणि मग आत गेला. मी काचेतून बघत होतो. आवाज आला की बटण दाबायचं होतं. सुरुवातीला त्याचं बोट भराभर चाललं. नंतर मुलगी इकडं काही तरी फिरवत राहिली आणि तिकडं तो बटणावर बोट ठेवून वाट बघत बसला, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा.

कागदावर रेघ सरळ निघाली होती आणि पुढं जाऊन कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. हळूहळू गेलेत, म्हणून कळलं नाही. जुन्या हेडफोनवर घुंगरू ऐकू यायचं ते कानानं नव्हे, आठवणीनं. कुठं कामाला होता, त्यांनी विचारलं. सूतगिरणी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, आणि वॉकमनचं ऐकल्यावर पुन्हा हलवली. तुमच्याबरोबरचे बाकीचे लोक कुठं असतात, त्यांना कधी आणलंत का, असं विचारलं. जालिंदरनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. परत येताना तो एकदाच बोलला. म्हणाला, कुणी डाव केला नव्हता, सर.

मला वाटलं त्याला हायसं झालं असेल. पण त्याचा चेहरा तसा दिसत नव्हता. डाव करणारा कुणी असता तर त्याला धरता आलं असतं.

तो परस्पर छावणीवर गेला, मला घेऊनच. बिभीषण पेंडीची पोती मोजून घेत होता. जालिंदरनं कागद पुढं केला, झालेलं सगळं सांगितलं आणि चार लोकांसमोर बोललो तसा चार लोकांसमोर माफी मागतो म्हणाला. बिभीषणनं कागद बघितला नाही. पोती उतरवून होईपर्यंत थांबवलं आणि मग म्हणाला, "तुला ऐकू आलं न्हाई, त्याला तू काय करणार. पर इतक्या वर्सात मी तुला कधी फशिवलं, ते तरी आठवून बघायचं व्हतं बे."

जालिंदरनं बाजाराच्या दिवशी टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं की चूक माझी होती. लोकांनी ऐकून घेतलं. नंतर त्यांतल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं की सोसायटीनं जालिंदरला काय दिलं.

डॉक्टरांचा तो प्रश्न मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गिरणीतल्या जुन्या माणसांकडं जायला लागला. पिशवीत हेडफोन, मोबाईलमध्ये बारीक, मध्यम, जाड अशा आवाजांच्या शिट्ट्या. डॉक्टरची तपासणी नव्हे, नुसतं कुणाला न्यायला हवं ते कळावं म्हणून. पहिलाच गेला तो कारभारी मस्केकडं. कारभारी रिंगफ्रेमचा जॉबर, म्हणजे मुकादम, जालिंदरला काम शिकवणारा माणूस. त्यानं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि हेडफोनकडं बोट दाखवून विचारलं की हे कशापायी. जालिंदर जितकं समजावत गेला तितका कारभारी मागं सरकत गेला. गिरणी विकायला काढलीय असं तो ऐकून होता. कान तपासायचे, बहिरा म्हणून लिहून घ्यायचं आणि मग कामगारांच्या देण्यातून नाव उडवायचं, हा बेत असणार. तू कुणाचा माणूस, एवढं आधी सांग, असं तो म्हणाला. कारभारीच्या जागी जालिंदर असता तर त्यानंही हेच विचारलं असतं.

तीनचार घरी असंच झालं. कुणी दार लावून घेतलं, कुणी सही करणार नाही एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं, सही कुणी मागितली नसताना. शेवटी हेडफोन घातला तो दगडाबाई साळवेनं.

दगडाबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. वस्तीत तिचं नाव भांडखोर म्हणून. ती बोलायची तेच ओरडून. सून मंजुळा तिच्याशी महिनोन् महिने धड बोलत नव्हती. सासू मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करते, असं सुनेचं म्हणणं. आणि सून तोंडातल्या तोंडात आपल्याला शिव्या देते, असं सासूचं. जालिंदर गेला तेव्हा दोघी अंगणात दोन टोकांना बसून ज्वारी निवडत होत्या. मावशी, हे घालून बघा, म्हटल्यावर दगडाबाईनं एकदम हो म्हटलं. पुढं तिनं सांगितलं की तिला वाटलं, टीव्हीवाले आलेत.

जालिंदरनं जाड शिट्टी लावली, तिनं हात वर केला. मध्यम लावली, थोड्या वेळानं केला. बारीक लावली आणि ती तशीच बसून राहिली, सुरू कधी करणार म्हणून. मंजुळा उठून जवळ आली. उघड्या पाठीचा हेडफोन, त्यातला आवाज जाळीतून बाहेरही येतो. मंजुळाला तो हातभर लांबून ऐकू येत होता आणि सासूच्या कानावर असून तिला येत नव्हता. मंजुळानं जालिंदरला विचारलं की हे आताच सुरू झालंय ना. तो म्हणाला, मघापासून सुरू आहे. तिनं स्वतः घालून बघितला, परत सासूच्या कानावर ठेवला, आवाज वाढवायला लावला. मग ती सासूच्या समोर उकिडवी बसली आणि तिच्या तोंडाकडं बघत सावकाश म्हणाली, "आत्याबाई, मी काय म्हणते ते तुमाला कळतच नव्हतं व्हय?"

"तू मोठ्यानं कुठं बोलतीस," दगडाबाई म्हणाली.

त्यांचं भांडण त्या दिवशी संपलं, असं मी म्हणणार नाही. पण मंजुळा तिला अंबाजोगाईला घेऊन गेली, आणि तिनं ते पाण्याच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं. जालिंदरच्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते त्या रांगेतून झालं. माणसं यायला लागली. घरच्या बायकांनी, लेकींनी त्यांना आणलं. दवाखान्यातली ती मुलगी आणि एक डॉक्टर एका शनिवारी यायला तयार झाले. आता जागा पाहिजे होती, शांत आणि पंखा असलेली. वस्तीतल्या विहाराला पत्रे होते, वाऱ्यानं वाजायचे. गावात सोसायटीचं गोदाम तेवढं पक्क्या भिंतींचं होतं. जालिंदरला तिथं जाऊन मागायचं धाडस झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळी गोदामाची किल्ली घेऊन बिभीषणच त्याच्या घरी आला. छबुबाईनं त्याच्या बायकोला सांगितलं होतं.

तो उंबऱ्यावरच थांबला होता, पण छबुबाईनं बसवलं. त्यानं कोपऱ्यातल्या हेडफोनकडं बघून हा तोच का म्हणून विचारलं. आणून दिला तेव्हापासून त्यानं तो एकदाही कानाला लावला नव्हता. जालिंदरनं त्याच्या हातात दिला आणि कॅसेटचं गाणं लावलं. बिभीषण डोळे मिटून ऐकत बसला. मधेच म्हणाला की इथं शहादेव आण्णांची काठी निसटली होती वाटतं, आणि सगळे हसले होते. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, इथं लई जोरात वाजवलंय. जालिंदर समोर बसून नुसता त्याच्या तोंडाकडं बघत होता. एकदाही त्यानं विचारलं नाही की खरंच वाजतंय का.

शिबिर पार पडलं. कुणाला कानाची यंत्रं मिळाली, कुणाला पुढच्या तारखा. गिरणीकडून काही मिळायचा प्रश्नच नव्हता, ती कागदावरही नीट जिवंत नव्हती. जालिंदरलाही त्याच सकाळी यंत्रं मिळाली. सुरुवातीला भांड्यांचा आवाज सहन होईना, कागद चुरगळला तरी दचकायचा. दोन जुने हेडफोन त्यानं काढून टाकले.

कारभारी मस्के शिबिराला आला नाही. तो गोदामासमोरच्या लिंबाखाली सकाळपासून बसून होता. कोण आत जातं, किती वेळानं येतं, हातात काय असतं, हे बघत. दुपारी जालिंदर चहा घेऊन त्याच्याकडं गेला. कारभारीनं आधी कपाकडं बघितलं, मग जालिंदरच्या कानातल्या यंत्राकडं. "त्ये काय लिहून घेतेत आत?" त्यानं विचारलं. नाव आणि वय, जालिंदर म्हणाला. कारभारीला ऐकू गेलं नाही, त्यानं परत विचारलं. जालिंदर त्याच्या शेजारी दगडावर बसला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगायला लागला.